न झेललेली ओळ

हळदीचं गाणं एकटीनं म्हणायचं नसतं. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती झेलायची. उचलणारी श्वास घेते तेवढ्यात झेलणारी पुढची ओळ पुरी करून गाणं परत तिच्या हाती देते. अशी ती ओळ रात्रभर इकडून तिकडं जाते, आणि मांडवातल्या बायकांना कळतही नाही की गाणाऱ्या दोघीच आहेत.

शालूबाई उचलायची आणि बयाबाई झेलायची. दोघींचं माहेर आंबी. न्हातीधुती व्हायच्या आधीपासून दोघींचे आवाज एकमेकींत मुरलेले. पुढं नशिबानं सासरही एकाच गावात मिळालं, कामशेतच्या पलीकडं, इंद्रायणीच्या अंगाला. लग्नपत्रिकेत या दोघींचं नाव कधी छापलं गेलं नाही, पण मांडवाच्या मेढी रोवायच्या आधी यांना सांगावा यायचा. बायका थट्टा करायच्या, "नवरा पळाला तरी चालंल, पर शालू-बया पायजेत." त्यावर बया म्हणायची, "नवरा पळाला तर त्याच्यावर बी गाणं हाय आमच्याकडं. फुकट म्हणू."

दोन वर्षांमागच्या वैशाखात आंबीचीच एक हळद उरकून दोघी पिकअपमधून गावाकडं निघाल्या होत्या. भर दुपार होती. मागच्या हौद्यात आधी सोमाटण्याला परत करायची भाड्याची पातेली, गुंडाळलेली सतरंजी आणि त्या सतरंजीवर या दोघी. रात्रभर गाऊनही शालूबाईचा गळा अजून भरलेला होता. सोमाटणे फाटा आला, गाडी हळू झाली, आणि तिनं उगीचच ओळ उचलली.

*मांडवाच्या दारी उभी करवली कुणाची…*

बयानं पदर सावरला. हसली. तोंड उघडलं.

तेवढ्यात मागून टायर ओरडले.

बया दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. शालूबाईचा उजवा पाय दोन जागी मोडला. तळेगावच्या डॉक्टरांनी सळई घातली, सहा महिन्यांत हाड सांधलं, वर्षानं काठीही सुटली. बघणारे म्हणायचे, "बाई, देवानं वाचवली तुला." शालूबाई मान हलवायची. पाय तर खरंच बरा झाला होता.

बरं झालं नव्हतं ते दुसरंच होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

अपघातानंतर चारेक महिने ती गायलीच नाही. मग एक दिवस ओसरीवर तांदूळ पाखडताना, सुपाच्या तालावर, तोंडातून एक ओळ आपसूक निघाली. ओळ संपली. तिनं श्वास घेतला. आणि त्या श्वासाएवढ्या जागेत टायर ओरडले. अगदी कानाशी. रबर जळाल्याचा वास आला, दात शिवशिवले, हातातलं सूप अंगणात जाऊन पडलं. ती भिंतीला पाठ लावून थरथरत बसली. टायर ओरडून ओरडून थांबले, आणि ते थांबले त्याच्या पलीकडून, डाव्या अंगानं, पातळ पण स्वच्छ, बयाचा आवाज आला. बयानं ओळ झेलली होती.

तेव्हापासून हे असंच. शालूबाईनं ओळ उचलली की आधी टायर यायचे, मग बया यायची. टायरांच्या पुलावरून गेल्याशिवाय बया भेटायची नाही. शालूबाई जायची. कधी गोठ्यात, कधी विहिरीवर, आसपास कुणी नसताना ती हळूच एक ओळ उचलायची, पदराचा बोळा दातात धरायची, अंगावरून ती गाडी जाऊ द्यायची. आणि मग डोळे मिटून डावा कान पुढं करायची.

पण टायर काही तिच्या बोलावण्याचीच वाट बघायचे नाहीत. रस्त्यावर कुणी जोरात ब्रेक मारला, ट्रकनं हॉर्न दिला, की ती असेल तिथं खाली बसायची. मोटारीत पाय ठेवत नव्हती. झोपेतून ओरडत उठायची. एकदा लोणावळ्याच्या बाजारात कैलासच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, मोटरसायकलवर सून प्रेरणा मागं बसत होती. मागून एसटीनं हॉर्न दिला. शालूबाईनं सुनेला अशी काही खेचून काढली की प्रेरणा हातावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. दीड महिना त्या पोरीनं एका हातानं भाकरी थापल्या. सासूला चकार शब्द बोलली नाही. शालूबाईला ते जास्त लागलं.

गावातल्या एका भगतानं बघताक्षणी सांगितलं, "हिला बया लागलीया." उताऱ्याचं सामान सांगितलं आणि जाता जाता वर म्हणाला, "धरल्यालीनं चारचौघांत त्या गेल्यालीचं नाव घेतलं, तर मंग ती कुटं ऱ्हात न्हाई. सुटती. मग उतारा बी नको."

इतरांनी त्यातलं उताऱ्याचं तेवढं ऐकलं. शालूबाईनं दुसरं ऐकलं, आणि तोंडाला कुलूप घातलं.

फक्त एकाला तिनं सांगितलं होतं. बयाचा नवरा हौशीराम एक दिवस ओसरीवर येऊन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"शालूबाई, लोक म्हणत्यात ते खरं हाय का?"

"काय म्हणत्यात, दाजी?"

"आमची ही… येती म्हणं तुमच्याकडं."

शालूबाईनं आधी गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, "येती."

"काय बोलती?"

"बोलत न्हाई. गाती नुसती."

"माज्याबद्दल काय?"

"दाजी, हळदीच्या गाण्यात तुमी कुटं येणार?"

म्हातारा हसला आणि हसता हसता त्याचा खालचा ओठ वाकडा झाला. "गेली तरी माज्याशी बोलायला टाईम न्हाई हिला," तो म्हणाला. त्यानंतर तो आठवड्यातून एकदा यायचा, चहा प्यायचा, आणि जाताना विचारायचा, "आलती का?" तिनं हो म्हटलं की समाधानानं निघायचा.

दावा वडगावच्या ज्योत्स्ना वकिलीणबाईंनी लावला होता. गाडीवाल्याच्या विमा कंपनीकडून पायाची भरपाई मिळणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. पण कैलासनं घरातलं सगळं सांगितलं तेव्हा वकिलीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मावशींना नुसता पायच नाही लागलेला," त्या म्हणाल्या. "मनाला मार बसतो, तोही अपघाताचाच मार. कायद्यात त्याला जागा आहे. पण एक्स-रेमध्ये दिसत नाही ना तो. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लिहून द्यायला लागेल, आणि तुम्हा लोकांना शपथेवर सांगायला लागेल."

लोणावळ्याला दर गुरुवारी एक डॉक्टरीणबाई यायच्या. प्रेरणा सासूला घेऊन गेली. शांत खोली, टेबलावर काचेच्या भांड्यात जास्वंदीचं फूल. डॉक्टरीणबाईंनी मऊ आवाजात विचारलं, "झोप लागते का, मावशी?"

"म्हशीवानी लागती."

"भीती वाटते कशाची? आवाज ऐकू येतात?"

"ह्या वयात काय ऐकू येतंय बाई? कान गेलं."

प्रेरणानं मग चाचरत स्वतःच सांगितलं. रात्रीचं ओरडणं, रस्त्यात बसणं, स्वतःचं मनगट. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. त्यांची नजर शालूबाईवरून हलली नाही.

"औषधं आहेत यावर. आणि माझ्याशी बोलायचं, थोडं थोडं. वेळ लागतो, पण ते आवाज उतरतात."

"सगळं उतरत्यात?" शालूबाईनं पटकन विचारलं.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, बाईंना आशा वाटली. त्या म्हणाल्या, "हो. सगळे."

शालूबाई उठली, चप्पल घातली आणि परत त्या जिन्यावर पाय ठेवायला तयार झाली नाही. कागदावर राहिलं ते एवढंच: रुग्ण कोणतीही तक्रार सांगत नाही, लक्षणे घरच्यांच्या सांगण्यानुसार.

 प्रेरणाला वाटलं, गाणं बंद झालं म्हणून आत्या आतून कोंडल्यात. पुन्हा गायल्या तर मोकळ्या होतील. माघात प्रेरणाच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं, तेही आंबीलाच. लोकलनं आणि पुढं पायी नेत, हात धरून, विनवून तिनं सासूला त्या हळदीला नेलं. आणि शालूबाई खरोखर गायली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेरणानं मोबाइलवर चित्रण केलं आणि आनंदाच्या भरात व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवलं: 'आमच्या आत्या पुन्हा गायला लागल्या.' खाली हळदीच्या रंगाचे चार बदाम.

इकडं दाव्याच्या कागदात कैलासच्या सांगण्यावरून एक ओळ गेलेली होती: अर्जदार अपघातापासून गाऊ शकत नाही.

स्टेटस या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेलं. कुठं कुठं फिरलं देव जाणे.

लोकअदालत वडगावच्या कोर्टात एका शनिवारी भरली. टेबलामागं न्यायाधीश, शेजारी समाजसेविका म्हणून बसवलेल्या एक पोक्त बाई. समोर एका बाजूला विमा कंपनीचा अतुल नावाचा तरणा अधिकारी, दुसऱ्या बाजूला ज्योत्स्नाबाई, शालूबाई, कैलास, प्रेरणा. हौशीरामाचा दावा आधीच मिटला होता. तो सोबत म्हणून आला होता आणि भिंतीशी उभा होता.

"पायाबद्दल आमची हरकत नाही, साहेब," अतुल म्हणाला. "पण मानसिक आघात, गाणं बंद, हे जे काही लावलंय ते नंतर जोडलेलं आहे. मला वाईट वाटतंय हे दाखवायला." आणि त्यानं मोबाइल टेबलावर उभा केला.

खोलीभर शालूबाईचा आवाज पसरला. तिनं पदराचा बोळा दातात धरला; टायर गेले, बया येऊन गेली. कोर्टाचा शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहिला. गाणं संपलं.

"छान गातात की," न्यायाधीश म्हणाले.

"तेच म्हणतोय मी, साहेब. डॉक्टरांकडंही बाईंनी स्वतः काहीच त्रास सांगितलेला नाही. सगळं सांगितलंय सूनबाईंनी. आणि हा व्हिडिओसुद्धा सूनबाईंचाच आहे."

प्रेरणाचा चेहरा चुन्यासारखा झाला. टेबलामागच्या पोक्त बाईंनी तिला विचारलं, "मनगट मोडलं म्हणून तुम्ही लिहून दिलंय. ते तरी खरं आहे का, बाळ?"

कैलास उसळून उठला, "मंग काय खोटं बोलती व्हय माजी बायकू?"

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. "शपथेवर लिहिलेलं आहे हे. खोटं असेल तर अंगाशी येईल."

 प्रेरणानं तो हात पदराखाली घेतला. एका हातानं भाकरी थापताना ती पाठमोरी जशी दिसायची तशीच आता समोरून दिसत होती, मुकाट, खांदे पडलेले.

शालूबाईच्या मनात तेव्हा दोघी उभ्या राहिल्या. एक गेलेली, डाव्या अंगाला. एक जिवंत, उजव्या अंगाला, भर कोर्टात खोटी पडलेली. पस्तीस वर्षांची गाणी तिनं एका क्षणात चाळून पाहिली. अशा जागी काय करायचं ते कुठल्याच गाण्यात नव्हतं.

"माजी सून खोटी न्हाई," ती उठून म्हणाली. "मी खोटी हाय. मी डॉक्टरला खोटं सांगितलं."

ज्योत्स्नाबाई दचकल्या. "मावशी…"

"बोलू द्या मला. साहेब, ते परत लावा. आन् नीट ऐका. मी गातीया, पर गाणं कुटं हाय?"

अतुलनं परत लावलं. तिनं परत बोळा दातात धरला. शालूबाईचा आवाज आला, मांडवाच्या दारी उभी करवली कुणाची. मग काहीच नाही. बांगड्यांचा आवाज, कुणाचं तरी मूल रडत होतं. एका ओळीएवढा वेळ गेला. मग तिनं पुढची ओळ उचलली. परत तेवढीच रिकामी जागा. परत पुढची.

अतुलची मान हळूहळू वाकडी झाली. तो पवन मावळातला, म्हणजे याच मुलखातला. "अरे," तो स्वतःशीच पुटपुटला, "हे तर अर्धंच आहे." मग न्यायाधीशांकडं वळून, आपण कुणाच्या बाजूचे हे विसरून म्हणाला, "साहेब, ही जोडीनं म्हणायची गाणी. माझी आजी म्हणायची. यात दुसरीच्या ओळीच नाहीत. बाई दुसरीची जागा सोडून गातायत."

"का हो, आजी?" न्यायाधीशांनी विचारलं. "मधे थांबून काय करता?"

शालूबाईनं हौशीरामाकडं पाहिलं. म्हातारा भिंतीला टेकून ताठ झाला होता. तो मान हलवत होता, नको, नको. भगताचं बोलणं त्यालाही ठाऊक होतं.

"मधी टायर ओरडत्यात," ती म्हणाली. "सोमाटण्याच्या फाट्यावरलं. तसंच, तेवढंच. वास येतो. हातपाय गळून जात्यात. रस्त्यात येत्यात, झोपंत येत्यात. त्या पायीच पोरीचा हात मोडला मी. आन् त्येच्या मागनं…"

तिचा आवाज खाली गेला.

"त्येच्या मागनं बयाबाई येती. माजी मैतरीण. बयाबाई हौशीराम. ती ओळ झेलती. म्हणून मी जागा सोडती. म्हणून मी डॉक्टरला काय सांगितलं न्हाई. डॉक्टरीण म्हणली, औषदानं सगळं आवाज जात्यात. सगळं गेलं तर ही बी जायाची न्हाई का?"

 पोक्त बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. प्रेरणानं तोंडावर हात दाबून धरला होता. दोन वर्षं ती या बाईच्या शेजारी झोपत होती आणि खोलीत तिसरी कुणी आहे हे तिला माहीत नव्हतं.

"त्या काय म्हणतात, ती ओळ सांगता का?" न्यायाधीशांनी हळूच विचारलं. "नोंदीसाठी."

"ती ओळ माजी न्हाई, साहेब. तिची हाय. मी कशी म्हणू?"

त्यांनी मान डोलावली. मग अतुलला म्हणाले, "पुन्हा एकदा लावा."

शालूबाईचाच आवाज टेबलावरून आला. ओळ संपली. टायर आले. तिनं बाकाची कड पकडली, नखं पांढरी झाली. सगळे पाहत होते. ती टायरांच्या आत शिरली, पार गेली, आणि सवयीनं डावा कान पुढं केला.

तिथं कुणी नव्हतं.

बांगड्या वाजत होत्या. मूल रडत होतं. मोबाइल धरलेल्या प्रेरणाचा श्वास ऐकू येत होता. शालूबाई कान तसाच पुढं करून थांबली. पुढची ओळ सुरू झाली, संपली, परत टायर आले, आणि ते थांबल्यावर परत नुसत्या बांगड्या. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते पाहून न्यायाधीशांनी हातानंच खूण केली, पुरे, बंद करा. त्यांना वाटलं, भीती ती हीच. कारकुनाला ते म्हणाले, "पायासोबत मानसिक आघात म्हणून वेगळं लिहा. उपचारांचा खर्चही धरा." अतुलनं फोनवर वरिष्ठांशी बोलणं केलं आणि हरकत सोडली. सह्या झाल्या. शालूबाईनं अंगठा दिला तेव्हाही तिचा डावा कान बंद मोबाइलकडंच होता.

बाहेर वडाच्या पाराशी हौशीराम थांबला होता. ज्योत्स्नाबाई कैलासला पुढचे कागद समजावत होत्या. म्हाताऱ्यानं शालूबाईला वाट दिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, फक्त फार हळू.

"आलती का?"

क्षणभर तिला वाटलं, हो म्हणावं. या माणसाचा चहा गोड करायला एवढं एक खोटं चाललं असतं. पण आज तिनं खरं बोलून पाहिलं होतं, आणि ते परत गिळता येत नव्हतं.

"न्हाई, दाजी. चारचौघांत नाव घेतलं तिचं. गेली."

हौशीरामानं टोपी काढली. उन्हात त्याचं टक्कल लहान मुलाच्या डोक्यासारखं दिसलं. 

"सुटली म्हणायची," तो म्हणाला. "आपुन दोघांनी बांधून ठेवलती तिला. बरं झालं गं… बरं झालं." आणि पाराच्या दगडावर बसून तो ढसाढसा रडला.

शालूबाईला रडू आलं नाही. ती त्याच्या शेजारी टेकली.

"ती गेली, दाजी. पर टायर ऱ्हायलं की. आता नुसतं टायरच. त्येच्या पल्याड कायबी न्हाई." तिनं हात पसरून समोरची हवा दाखवली. "आता कशापायी सोसायचं ते?"

प्रेरणा जवळ येऊन उभी होती. 

"पोरी," शालूबाईनं विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईचा वार कंचा?"

"गुरुवार, आत्या."

"तिला पैल्यापासनं सांगावं लागंल सगळं. आंबीपासनं. तेवढा येळ देती का ती?"

"देतील."

"बयाचं बी सांगावं लागंल."

"सांगा की. मी बाहेर बसते."

"बाहेर नको. आत बस. तुलाबी कुटं ठावं हाय ती कशी होती."

मग ते स्टेशनकडं निघाले. कैलासनं रिक्षा विचारली नाही. रस्त्यावर शनिवारची गर्दी होती, लोणावळ्याकडं निघालेल्या मोटारींची रांग, पुढच्यानं ब्रेक दाबला की मागच्याचाही दाबला जायचा. प्रत्येक वेळी शालूबाई थांबायची, दुकानाच्या पायरीला नाही तर विजेच्या खांबाला हात लावायची, डोळे मिटायची. पलीकडं कुणी नाही हे आता तिला माहीत होतं. तरी आवाज ओसरेपर्यंत ती उभी राहायची. मग डोळे उघडून चार पावलं चालायची. पाच मिनिटांच्या त्या वाटेला त्यांना पाऊण तास लागला. दोन लोकल निघून गेल्या. कुणी घाई केली नाही.